डी वॉर्डचा पत्ता: गेलेल्या माणसाच्या नावाने येणाऱ्या टपालाचं एक प्रकरण

जानेवारी 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवार पेठेतल्या मामांच्या घरी एक जाड पाकीट आलं. आत निमंत्रण होतं. वयाची पंच्याहत्तरी गाठणाऱ्या आजीव सभासदांचा शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन सत्कार. सत्कारमूर्तींनी सपत्नीक वेळेवर यावे, ही विनंती. मामांना जाऊन तेव्हा सव्वादोन वर्षं झाली होती.

मामींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मला फोन केला. "अरे, तुझ्या मामाला शाल-नारळ द्यायलेत. मी एकटाच जाऊन घेऊन येऊ का?"

कोल्हापुरात बायका असंच बोलतात, 'मी येतो', 'मी जातो'. बाहेरगावची माणसं दचकतात. मी दचकलो ते वेगळ्याच कारणाने. मामी हसत होत्या, पण मग म्हणाल्या, "हे एकच न्हाई बाबा. रोज काय ना काय येतंय त्यांच्या नावानं. बंद कर की हे सगळं."

ते 'सगळं' बंद करायला मला वर्ष लागलं, आणि सगळं बंद झालंही नाही. त्यात एक मोठी चूक माझ्या हातून होता होता राहिली. ती कशी ओढवत होती आणि कशी टळली, ते सांगण्यासाठी हे लिहितोय. संस्थांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

आधी मामांविषयी. उद्यमनगरात त्यांचं दोन लेथचं वर्कशॉप होतं. कामाला चोख आणि सभासद व्हायला कायम तयार. कुठेही कुणी पावतीपुस्तक काढलं की मामांचा हात खिशात. अर्बन बँकेचे भागधारक, पतसंस्थेचे सभासद, ग्राहक भांडाराचे सभासद, आणि ज्यांनी सत्काराला बोलावलं त्या संस्थेचे आजीव सभासद. नव्वदच्या दशकात शेअरचे अर्ज भरायची साथ आली तेव्हा मामांनीही भरले. काही लागले. त्यांची प्रमाणपत्रं पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली. मेरी वेदर ग्राउंडवर प्रदर्शन भरलं की प्रत्येक स्टॉलवर 'लकी ड्रॉ'चं कुपन भरून यायचे, नाव, पत्ता, फोन सगळं सुवाच्य अक्षरात. ड्रॉ कधी लागला नाही. कुपनं मात्र वाया गेली नाहीत, हे पुढे कळलं.

माझा शहाणपणा

मी पहिल्याच दिवशी सोपा उपाय सांगितला. साधं टपाल घेतलंच पाहिजे असं बंधन नसतं. 'स्वीकारण्यास नकार' म्हटलं की पोस्टमन तसा शेरा मारून पाठवणाऱ्याकडे परत धाडतो. पत्ता असलेला माणूस हयात नसेल तर 'मयत' असा शेरा पडतो. मामींच्या गल्लीचे पोस्टमन जुने, घराघरातली माणसं ओळखणारे. मी त्यांना गाठून सांगितलं, "मामांच्या नावाचं जे येईल ते 'मयत' लिहून परत करा." त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. "सगळंच?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळंच.

सहा आठवडे घर शांत होतं. मी खूश होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी मी सहज मामींकडे गेलो होतो. फ्रिजवर चुंबकाखाली एक पांढरं पाकीट लावलेलं होतं, मागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब. तारीख, लिटर, फुली. हे कुठून आलं विचारलं. पोस्टमन सुट्टीवर होते त्या दिवशी बदलीवरच्या मुलाने दारात टाकलं होतं. "मागनं कोरं होतं म्हणून ठेवलं," मामी म्हणाल्या. पाकीट फोडलेलंही नव्हतं.

फोडलं. एका कंपनीच्या शेअर रजिस्ट्रारकडून, म्हणजे तिच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीकडून आलेलं पत्र. मजकूर थोडक्यात असा: आपल्या फोलिओवरील (भागधारक म्हणून असलेल्या खात्यावरील) लाभांश सलग सात वर्षं घेतलेला नाही, एप्रिलपर्यंत दावा केला नाही तर न घेतलेला लाभांश आणि त्यावरचे शेअर, दोन्ही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतील.

हा निधी केंद्र सरकारचा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 124 प्रमाणे लाभांश सात वर्षं पडून राहिला तर तो तिथे जातो, आणि सलग सात वर्षांत एकदाही लाभांश घेतला नसेल तर मागोमाग शेअरही जातात. जाण्याआधी तीन महिने कंपनीने भागधारकाला कळवायचं असतं. कुठे? नोंदीतल्या शेवटच्या उपलब्ध पत्त्यावर. पाकीट 'मयत' शेरा घेऊन परत गेलं म्हणून मुदत थांबत नाही. कळवण्याचं काम कंपनीच्या बाजूने झालेलं असतं. निधीकडे गेलेले शेअर परत मिळवता येतात, त्यासाठी आयईपीएफ-5 नावाचा अर्ज आहे. पण वारसाला ती दुहेरी वाट चालावी लागते, आधी वारस म्हणून सिद्ध व्हायचं, मग निधीकडे मागायचं.

म्हणजे 'सगळं परत पाठवा' हा माझा सल्ला त्या एका दुधाच्या हिशेबावर अडखळला नसता, तर मामांच्या तीस वर्षांपूर्वीच्या शेअरची रवानगी मीच करून दिली असती.

सात आठवडे

मुदतीला सातेक आठवडे होते. पेटी उघडली. प्रमाणपत्रं होती. त्यांच्याबरोबर लाभांशाची अकरा वॉरंट होती, म्हणजे बँकेत भरायचे धनादेशासारखे कागद, न भरलेली. मामांचं जुनं खातं बंद झाल्यावर वॉरंट कुठे भरायची हा प्रश्न त्यांनी पुढे ढकलला असावा. वॉरंट तीन महिन्यांत शिळी होतात. त्यात भर म्हणजे 1 एप्रिल 2024 पासून कागदी शेअरवरचा लाभांश फक्त बँक खात्यात जमा होतो, तोही पॅन, बँक तपशील वगैरे केवायसी पूर्ण असेल तरच. मामांच्या फोलिओवर यातलं काहीच नव्हतं. पाकिटं येत होती ती याचसाठी. आम्ही त्यांना कचरा म्हणत होतो.

कागदी शेअर वारसाच्या नावावर करण्याची रीत सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, ठरवून दिलेली आहे. नामनिर्देशन नसेल आणि एका कंपनीतल्या शेअरची किंमत 5 लाख रुपयांच्या आत असेल तर न्यायालयाच्या वारसा दाखल्याऐवजी थोड्या कागदांवर भागतं: मृत्यू दाखला, आयएसआर-5 हा अर्ज, नोटरीसमोरचं हमीपत्र आणि बाकी वारसांची नोटरी केलेली हरकत नसल्याची पत्रं. इथे बाकी वारस म्हणजे एकच, माझी मामेबहीण. ती इचलकरंजीला असते. एका रविवारी आली, सोमवारी नोटरीकडे सही केली, दुपारच्या एसटीने परत गेली. बँकेकडून मामींची सही प्रमाणित करून घेतली.

एक आडकाठी आलीच. प्रमाणपत्रावर मामांचं नाव आद्याक्षरांनी, मृत्यू दाखल्यावर वडिलांच्या नावासह पूर्ण. दोन्ही माणसं एकच, असं प्रतिज्ञापत्र द्या, असं रजिस्ट्रारने कळवलं. ते दिलं. मुदतीला नऊ दिवस असताना मामींच्या नावे पुष्टीपत्र आलं. तेव्हा नवीन प्रमाणपत्र मिळत नव्हतं, पुष्टीपत्र मिळायचं, आणि ते 120 दिवसांत डीमॅट करून, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा करून घ्यावे लागायचे. लाभांशाची रक्कम सांगत नाही, पण मामींचं वर्षभराचं वीजबिल भागून उरेल इतकी होती.

पोस्टमनना आधीच जाऊन सांगितलं होतं, परत पाठवणं बंद. ते म्हणाले, "मी तेव्हाच विचारलं होतं तुम्हाला, सगळंच का म्हणून."

मग मोजलं

जे जानेवारीत करायला हवं होतं ते मार्चमध्ये केलं. 1 मार्च ते 31 मे, जे येईल ते एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकायचं, काहीही फेकायचं नाही. तीन महिन्यांत 94 नग जमले. शेअर रजिस्ट्रारची 9. बँक, पतसंस्था आणि भांडार मिळून 11. आजीव सभासदांच्या संस्थेचा अंक, परिपत्रकं आणि आवाहनं 14. धर्मादाय म्हणवणाऱ्यांची मदतीची पत्रं 17. विमा, सहली, श्रवणयंत्रं, प्लॉट विकणाऱ्यांची 22. आणि नाव-पत्ता नसलेली, दारात किंवा पेपरात आलेली 21.

खोका उपडा करून बसलो तेव्हा लक्षात आलं की 'नको असलेलं टपाल' असा एक ढीग नसतोच. प्रत्येक कागदाला विचारायचं, तू कशाच्या जोरावर इथे आलास? रजिस्ट्रारचं पत्र मालकीच्या जोरावर येतं. ते थांबवायचं तर मालकी योग्य नावावर करा. पतसंस्थेचं सभासदत्वाच्या जोरावर. ते थांबवायचं तर सभासदत्व निकाली काढा, नुसतं 'पाठवू नका' म्हणून भागत नाही. प्रदर्शनातल्या कुपनावरून येणारं टपाल एकदा दिलेल्या होकारावर चालतं. तो होकार मागे घ्यावा लागतो. आणि उरलेलं येतं कुणाच्या तरी हातात यादी पडली म्हणून. तिथे यादी कुठून फुटली हे शोधावं लागतं.

फोनसाठी आपल्याकडे नोंदवही आहे, टपालासाठी नाही. ब्रिटनमध्ये 1983 पासून मेलिंग प्रेफरन्स सर्व्हिस नावाची यादी आहे, तीत नाव घातलं की जाहिरातीचं टपाल कमी होतं. इथे उलट आपलं टपाल खातंच 'डायरेक्ट पोस्ट' नावाची सेवा विकतं, विनापत्त्याची पत्रकं घरोघर वाटण्याची. त्यावर नावच नसतं, मग 'मयत' तरी कुणाला लिहिणार? त्या 21 नगांवर मी वेळ घालवला नाही.

बी चा डी

विकणाऱ्यांची 22 पाकिटं मांडताना मामींचं लक्ष गेलं. "आपण बी वॉर्ड. ह्यावर डी का लिवलंय?"

कोल्हापूरकरांना सांगायला नको, इथे पेठेइतकाच वॉर्डाला मान आहे. घरनंबर, मग ए पासून ई पर्यंतचा वॉर्ड, मग पेठ. मामांचा पत्ता बी वॉर्ड. 22 पैकी 13 पाकिटांवर डी वॉर्ड होतं. पोस्टमन माणूस ओळखतात म्हणून ती बरोबर पोचत होती, आणि म्हणूनच इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग बाकीच्या खोक्यात डी वॉर्ड शोधला. तो एकाच ठिकाणी सापडला: आजीव सभासदांच्या संस्थेच्या अंकाच्या वेष्टनावर.

म्हणजे श्रवणयंत्रवाला, सहलवाला आणि प्लॉटवाला, तिघांकडे एकाच घरची यादी होती. टंकलेखनातल्या एका चुकीने साक्ष दिली. ही युक्ती मुद्दामही करता येते. नवीन ठिकाणी पत्ता देताना आद्याक्षर किंवा घरनंबरापुढचं अक्षर थोडं वेगळं द्यायचं, आणि ते कुठे उगवतं ते बघायचं. जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावापुढे अधिक चिन्ह घालून त्या संस्थेचं नाव जोडलं तरी पत्र आपल्यालाच येतं, आणि गळती कुठून झाली ते कळतं. बँक, पॅन, विमा असल्या ठिकाणी मात्र हा खेळ करू नये. आम्ही नुकतंच आद्याक्षरांपायी प्रतिज्ञापत्र दिलं होतं.

संस्थेच्या सचिवांकडे गेलो तेव्हा मनात होतं की यांनी यादी विकली. सचिव सत्तरीचे, विनामोबदला काम करणारे. त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. रौप्यमहोत्सवी सभासद सूची. प्रत्येक सभासदाचं नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, व्यवसाय आणि रक्तगट. मागे-पुढे जाहिरातदारांची पानं. प्रत्येक जाहिरातदाराला सौजन्य म्हणून प्रत.

"विकली नाही हो कधी," ते म्हणाले. "रक्त लागलं कुणाला तर उपयोगी पडावी म्हणून छापली."

खोटं बोलत नव्हते. पंच्याहत्तरीचा सत्कारही त्या जन्मतारखेवरूनच निघाला होता. हयात-मयत तपासायची त्यांच्याकडे पद्धतच नव्हती. कुणी कळवलं तर रजिस्टरमध्ये लाल शाईने रेघ मारायची, पण अंकाची लेबलं संगणकावरून निघायची आणि संगणकाला लाल शाई माहीत नव्हती. वर ते म्हणाले, "सूचीत नाव नसलं तर लोक भांडायला येतात. असल्याबद्दल भांडायला येणारे तुम्ही पहिलेच."

कायद्याचं बोट दाखवावं असं मनात आलं होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे असं त्यात आहे. पण तेव्हा त्याचे नियमच आले नव्हते. ते नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या पाळायला अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. शिवाय कायदा संगणकावरच्या माहितीचा; छापून वाटलेलं पुस्तक तो परत आणणार नाही. म्हणून भांडलो नाही. तीन गोष्टी लेखी मागितल्या: मामांचं नाव लेबलांच्या फायलीतून काढा, पुढच्या सूचीत घालू नका, आणि नव्या अर्जावर 'सूचीत छापण्यास संमती आहे / नाही' असा रकाना ठेवा. पहिल्या दोन झाल्या. तिसरी कार्यकारिणीपुढे ठेवतो म्हणाले. अजून ठेवताहेत.

साखर

सहकारी संस्थांचं प्रकरण याहून सरळ, आणि मामींमुळे याहून लांबलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 30 प्रमाणे सभासद मरण पावला की त्याचे भाग नामनिर्देशित व्यक्तीच्या किंवा वारसाच्या नावे होतात. बँकेत मामांनी मामींचं नामनिर्देशन केलेलं होतं. भांडारात भाग शंभर रुपयांचे, ते परत घेऊन मोकळे झालो.

पतसंस्थेत व्यवस्थापकांनी वही उघडून सांगितलं की मामा एका कर्जाला जामीन होते. मामींचा चेहरा उतरला. कर्ज 2016 मध्येच फिटलेलं निघालं, पण जामीनकीच्या नोंदीवर खूण करायची राहिली होती. येणे-बाकी नसल्याचा दाखला घेतला. मी म्हटलं, आता भागांचे पैसे परत मागा, अहवाल बंद होतील. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे गणपतीच्या आगेमागे अहवालांचा पूर येतो. गुळगुळीत कागद, रद्दीवालाही तो वेगळा काढून कमी भाव देतो.

मामी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आन् दिवाळीची साखर?"

पतसंस्था सभासदांना दिवाळीला साखर आणि तेलाची पिशवी देते. मी हिशेब मांडायला लागलो, की भागांची रक्कम बँकेत ठेवली तर व्याजातून इतकी साखर येईल. त्यांनी मधेच तोडलं. "विकत आणल्याली साखर वेगळी." सभासदत्व मामींच्या नावे झालं. अहवाल चालू राहिले.

निवडणुकीचा भाग सांगायलाच हवा. बँकेच्या संचालक मंडळाची निवडणूक लागली की मतदार यादी पॅनेलवाल्यांच्या हाती येते आणि मग पत्रकं, फोन, मेसेज. मामांच्या नावे मतांची विनंती करणारी पत्रं त्यांच्या माघारीही आली होती. त्याला एकच औषध, यादी कच्ची असताना हरकत घेऊन नाव दुरुस्त करणं. भाग नावावर झाले की ते आपोआप होतं.

पाकिटातले देव

सगळ्यात चिवट निघालं ते मदतीच्या पत्रांचं. त्या 17 पाकिटांत देवांच्या तसबिरी होत्या, किल्लीच्या कड्या होत्या, एकात रुद्राक्ष. पाठवणाऱ्याला माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक असतो. पत्र फाडता येतं, देव फाडता येत नाही. मामींच्या देव्हाऱ्याखालचा खण अशा तसबिरींनी भरला होता. पूर्वी निर्माल्याबरोबर पंचगंगेत सोडायच्या. आता नदीत काही टाकत नाहीत, मग साठत राहतात. आणि देव घरात आला, पैसे नाही दिले तर ऋण राहतं, या भावनेने त्यांनी दोन ठिकाणी 51 रुपयांची मनिऑर्डर केली होती. एकदा दिलं की देणाऱ्यांच्या यादीत नाव जातं. पत्रं वाढली ती त्यानंतरच.

न मागता आलेल्या वस्तूचे पैसे लागत नाहीत, हे मी सांगितलं. करार व्हायला समोरच्याने स्वीकार कळवावा लागतो. 1872 च्या करार कायद्यापासून हेच चालत आलंय, आपलं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. मामींना त्याचं सोयरसुतक नव्हतं. परत पाठवू म्हटलं तर, "देव परत पाठवायचा? तू काय बोलतोयस?"

तोडगा त्यांनीच काढला. चार दिवसांनी फोन आला. "पाकीट फोडलंच न्हाई तर आत देव हाय हे मला काय ठावं? न फोडता देतो मी पोस्टमनला."

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

सोबत आम्ही पोस्टकार्डं लिहिली. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. नऊ धर्मादाय संस्था आणि पत्ता सापडला असे अकरा विक्रेते, एकूण वीस कार्डं, खर्च दहा रुपये. मजकूर दोन ओळींचा: सदर व्यक्ती मयत आहे, नाव व पत्ता आपल्या यादीतून काढून टाकावा, आणि वेष्टनावर छापलेला लेबल क्रमांक. तो क्रमांक लिहिणं महत्त्वाचं. नावावरून त्यांना सापडत नाही, त्यावरून सापडतं. उघड्या कार्डावर जन्मतारीख, पॅन किंवा फोन लिहू नये, आणि अशा कुणालाही मृत्यू दाखल्याची प्रत पाठवू नये.

फोन

मामांचा मोबाइल मामी वापरत होत्या, सिम मात्र मामांच्याच नावावर. ते आधी मामींच्या नावे करून घेतलं. मग 1909 ला, म्हणजे जाहिरातीचे फोन-मेसेज नकोत अशी नोंद करायच्या नंबराला, इंग्रजीत 'स्टार्ट' आणि पुढे शून्य असा मेसेज. शून्य म्हणजे सगळ्या प्रकारच्या जाहिराती बंद; एकेक आकडा टाकून बँक-विमा, घरं, शिक्षण असे प्रकार निवडूनही बंद करता येतात. जाहिरातीचे मेसेज बरेच कमी झाले. दहा आकडी साध्या नंबरावरून येणारे फोन चालू राहिले. त्यांच्याविरुद्ध 1909 वर तक्रार करायची मुदत आधी तीन दिवसांची होती, दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी 2025 मध्ये केलेल्या नियमांच्या दुरुस्तीने ती सात झाली. अशा नोंदणी नसलेल्यांविरुद्ध तक्रार करायला आता आधी 1909 ला नाव घातलेलं असण्याचीही अट नाही. त्याच दुरुस्तीने मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर लागतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी असेल तर जी. मामींना मी एवढंच शिकवलं, शेवटी पी असेल तर वाचायचा नाही.

पण ज्या संस्थेला आपण स्वतः होकार दिलाय तिचे मेसेज 1909 ने थांबत नाहीत. त्यांना वेगवेगळं कळवावं लागतं. प्रदर्शनातल्या कुपनाचा धागा इथे सापडला. 'आपण भाग्यवान दाम्पत्य' म्हणून हॉटेलात जेवायला बोलावणाऱ्या सहल क्लबच्या बाईंनी फोनवर कुपनाचं वर्षसुद्धा सांगितलं. मामींनी त्यांना विचारलं, "दाम्पत्यातलं एकच हाय, चालंल का?" पुन्हा फोन आला नाही.

डिसेंबरअखेर

1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर 2025 पुन्हा खोका भरला. 94 चे 41 झाले. रजिस्ट्रारची 3, तिन्ही मामींच्या नावे आणि तिन्ही कामाची. सहकारी संस्थांची 4. आजीव सभासदांच्या संस्थेचं 1. धर्मादाय 9, विक्रेते 8, विनापत्त्याची 16. दिवाळी मधे आल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, हे मान्य. डी वॉर्डवाली पाकिटं 13 वरून 5 वर आली आहेत. छापलेलं पुस्तक ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ते राहणारच. वीस पोस्टकार्डांपैकी दोघांनी उत्तर दिलं. एकाने दिलगिरी कळवली. दुसऱ्याने मामांच्या स्मरणार्थ देणगी द्यावी असं सुचवून सोबत तसबीर पाठवली.

सहकारी संस्थांच्या त्या चारातलं शेवटचं, 30 डिसेंबरला आलेलं, पतसंस्थेची नव्या वर्षाची दिनदर्शिका. गुंडाळीवर पहिल्यांदाच मामींचं नाव, पण संगणकाने जुन्याच रकान्यात बसवलेलं: 'श्री.' आणि पुढे मामींचं नाव. मी म्हटलं, व्यवस्थापकांना फोन करून दुरुस्त करायला सांगतो.

"ऱ्हाऊ दे," मामी खुर्चीवर चढून खिळ्याला दिनदर्शिका अडकवत म्हणाल्या. "मी काय 'येते, जाते' म्हणतोय व्हय?"